हिरव्या राजाला चाळीस पोती

आमच्या गेममध्ये शेजारी राज्यांशी व्यापार करता येतो, असं आमच्या जाहिरातीत तीन वेळा लिहिलंय. तो कुणीही करत नाही, एवढं मात्र जाहिरातीत लिहायचं राहून गेलं.

हा व्यापार माझा. कंपनीत माझ्या टेबलावर ‘डिझायनर, अर्थव्यवस्था’ अशी पाटी आहे. गेममध्ये पाच खोरी, पाच राज्यं. एक राज्य खेळणाऱ्याचं, उरलेली चार संगणक चालवतो. धान्य, लाकूड, लोखंड आणि मीठ या चार गोष्टींवर सगळं चालतं आणि चारही पुरेशा कुणाकडेच नाहीत. कागदावर बघितलं तर वाटेल, ही मंडळी सकाळी उठल्याबरोबर तोंडही न धुता एकमेकांकडे गाड्या पाठवत सुटतील. त्या गाड्यांवर मी तीन वर्षं घालवली. चढावर बैल हळू चालतात, चिखलात चाक रुततं, वाटेत दरोडेखोर भेटतात. बैल दमला की मान खाली घालतो, ते बघायला चित्रकाराला मी दोन दिवस एका गोठ्यासमोर बसवलं होतं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि निकाल काय? चाचणीच्या चारशे बारा डावांपैकी एकोणीस डावांत व्यापार झाला. त्यातल्या अकरा वेळा लोकांनी चुकून बटण दाबलं होतं.

सोमवारी साहेबांनी मीटिंग घेतली. साहेबांना पाठीमागे आम्ही ‘व्हिजन’ म्हणतो, कारण त्यांना फक्त लांबचं दिसतं. समोरचा कॉफीचा कप ते महिन्यातून दोनदा तरी पाडतात.

“लोकांना शेअरिंग हवंय,” व्हिजन म्हणाले. “एक बटण द्या. ‘वाटून घ्या’. दाबलं की मित्रराज्यांचं सगळं एकत्र. तुझ्या गाड्या, बैल, चिखल... कोण थांबणार एवढं?”

“सर, सगळं एकत्र झालं तर कुणी काम कशाला करेल?”

“शुक्रवारी प्रकाशक कंपनीच्या मॅडम खेळायला येतायत. तोपर्यंत तुझा व्यापार चालला तर चालला. नाहीतर तो काढू आणि बटण ठेवू.”

व्यापार काढल्यावर व्यापाराच्या डिझायनरचं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. माझं टेबल खिडकीजवळ आहे आणि आमच्या प्रोग्रामरचा त्याच्यावर दोन वर्षांपासून डोळा आहे. मीटिंग संपल्यावर तो टेपने त्या कोपऱ्याचं माप घेत होता. या प्रोग्रामरला सगळे ‘होऊन जाईल’ म्हणतात. कोणतंही काम सांगा, तो हेच म्हणतो. मग ते होत नाही.

मंगळवारी बटणाची चाचणी झाली. चार राज्यांनी युती केली, बटण दाबलं, सगळ्यांची कोठारं एक झाली. त्यानंतर दहा मिनिटं कुणी एक झाड तोडलं नाही. प्रत्येकाला वाटलं, उरलेले तिघं तोडतायत. पहिल्याच हिवाळ्यात चारही राज्यं गारठून मेली. व्हिजन म्हणाले, “छान आहे, आता यात थोडी मजा घाला.”

बुधवारी मी घरून काम करत होते. कारण आई.

आई तीन आठवड्यांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली. येताना माझ्यासाठी दोन रजया घेऊन आली. मी त्याच संध्याकाळी तिला नवे बूट आणि स्वेटर आणून दिला. आमच्यात हे असंच चालतं. ती तिच्या घरी असते तेव्हा दर महिन्याला तिचं पार्सल येतं आणि त्याच आठवड्यात माझं पार्सल तिच्याकडे जातं, साधारण तेवढ्याच वजनाचं. कुणाचं काही अंगावर ठेवायची मला सवय नाही. याला मी स्वाभिमान म्हणायचे, आणि तो आपल्यात ठासून भरलाय याचा मला अभिमानही होता.

एका डोळ्याचं झालं होतं. दुसऱ्याचं महिन्याभराने करायचं असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर आई म्हणाली, “बघू, तिकडे गेल्यावर करीन.” शनिवारचं परतीचं तिकीट तिने स्वतःच काढून ठेवलं होतं. मीही बरं म्हटलं. ती काही मागत नव्हती, मग मी कशाला नाक खुपसू?

आई एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात स्टोअरकीपर होती. सलाईन, सुया, हातमोजे, चादरी, सगळ्यांचा साठा तिच्या हाताखालून जायचा. तीस वॉर्डांच्या सिस्टर तिला वचकून असायच्या. आता ती काळा चष्मा लावून माझ्या मागच्या खुर्चीत बसली होती आणि माझ्या पडद्याकडे त्याच नजरेने बघत होती.

“हे काय चाललंय?”

“काम.”

“हे काम?” ती म्हणाली. “बरं. याचं स्टोअर कोण बघतं?”

मी तिला समजावलं. खोरी, धान्य, मीठ, गाड्या. डॉक्टरांनी पडद्याजवळ बसायला मना केलं होतं, म्हणून ती मागे बसून हुकूम सोडणार आणि मी माऊस हलवणार असं ठरलं. माझ्या हाताशी तेवढाच एक नवा चाचणीकर्ता होता, आणि तोही फुकट.

तिने लाल राज्य घेतलं. पहिलं वर्ष तिने लढाई केली नाही, किल्ला बांधला नाही, काहीच केलं नाही. कोठारात किती पोती आहेत, रोज किती संपतात, हिवाळा किती दिवसांचा, एवढंच विचारत राहिली. मी जांभया देत होते. हिवाळा सुरू झाला तेव्हा तिच्याकडे सत्तर पोती जास्त होती.

“तो हिरवा कोण?” तिने विचारलं.

“हिरवा राजा. तुझा शेजारी.”

“त्याच्याकडे धान्य नाहीये.”

“ते तुला दिसत नाही आई. दुसऱ्याचं कोठार दिसत नाही, मी मुद्दाम तसं केलंय. त्याला हवं असेल तर तो व्यापाराचा निरोप पाठवेल.”

“त्याच्या गावात चुली किती पेटल्यात बघ. परवा वीस धुराडी होती, आज सात. तो कशाला निरोप पाठवेल? अगं, ज्या वॉर्डात खरोखर नड असायची ना, तिथली सिस्टर कधी चिठ्ठी पाठवायची नाही. तिला लाज वाटायची, आपलं नियोजन चुकलं म्हणून. आणि ज्यांची कपाटं भरलेली असायची ते रोज चिठ्ठ्या पाठवायचे. मी चिठ्ठ्या बघायचेच नाही. सकाळी वॉर्डाबाहेर रिकामी खोकी किती पडलीत ते बघायचे.”

“मग तुम्ही एक सामाईक कपाट का नाही ठेवलंत?” मी खवचटपणे विचारलं. व्हिजनचं बटण डोक्यात होतंच.

“ठेवलं होतं एकदा. आमच्या सुपरिंटेंडेंटना मोठी हौस. मधल्या जिन्यात ठेवलं. दोन दिवसांत रिकामं, आणि सगळ्यांची आपापली कपाटं कुलूप लावून गच्च भरलेली.” ती हसली. “हिरव्याला चाळीस पोती पाठव.”

“बदल्यात काय मागू? त्याच्याकडे लोखंड आहे.”

“मागायचं काय त्यात? माणसं उपाशी आहेत. पाठव.”

मी पाठवली. गाड्या निघाल्या, चढावर हळू झाल्या, बैलांनी माना खाली घातल्या. आईला बैल आवडले. गाड्या हिरव्याच्या वेशीत शिरल्या आणि बरोबर दोन मिनिटांनी हिरव्याचं सैन्य वेशीतून बाहेर पडलं. आईचं पहिलं गाव जळायला लागलं.

“अगं! हा काय करतोय? मी धान्य पाठवलं त्याला!”

“हो, ते...” मी म्हटलं. “ते बरोबर आहे. म्हणजे नियमच तसा आहे. कुणी मोबदल्याशिवाय काही दिलं की संगणकाचा राजा समजतो, काहीतरी डाव आहे. विश्वास तीसने कमी होतो. धान्य देऊन गाफील ठेवून हल्ला करतील, म्हणून तो आधीच करतो.”

आईचं दुसरं गाव पेटलं.

“हे त्याला कुणी शिकवलं?”

“मी.”

“तरीच,” आई म्हणाली.

एवढंच. तिने पुढे काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडायला माझ्याकडे कधीच काही कमी नसतं. पण ती उठली आणि चहा करायला गेली. मला राग आला आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी तिच्या डोळ्याच्या थेंबांच्या बाटलीवर काढला. थेंब घालायची वेळ झाली होती आणि महिनाभर पुरायची बाटली दहा दिवसांत तळाला गेली होती. मी औषधाच्या दुकानदाराला फोन करून झाडलं, बाटली अर्धीच भरून विकता म्हणून. तो बिचारा शपथा घेत होता. आई चहा गाळत राहिली.

दुपारभर मी तो एकच नियम बघत बसले. तीन वर्षांपूर्वी लिहिताना मला तो फार हुशारीचा वाटला होता. आता कळलं की चारशे बारा डावांत व्यापार का झाला नाही. माझे राजे घासाघीस करण्यात तरबेज होते, पण कुणी हात पुढे केला की तो झटकायचे. एक-दोनदा हात झटकला गेला की माणूस कशाला पुन्हा त्या वाटेला जाईल? खेळणारे शहाणे. सरळ किल्ले बांधायला लागले.

गुरुवारी मी ‘होऊन जाईल’ला सांगितलं, “तीस वजा करायचे नाहीत. उलट, ज्याच्याकडे शिल्लक आहे त्या राजाने शेजाऱ्याची धुराडी बघायची. विझायला लागली तर न मागता पाठवायचं.”

“परत किती मिळालं पाहिजे?”

“ठरवायचं नाही.”

“कधी मिळालं पाहिजे?”

“तेही ठरवायचं नाही. फक्त लक्षात राहिलं पाहिजे. घेणाऱ्याच्याही आणि बघणाऱ्यांच्याही.”

“मग त्या रकान्यात मी लिहू काय?”

“रिकामा ठेव.”

त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी त्याला उघड्यावर आंघोळ करायला सांगितलंय. आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, “हे एका दिवसात होणार नाही.”

“बरं,” मी म्हटलं. “आणि हे बघ, ते खिडकीजवळचं टेबल तू घे.”

“का?” तो चपापला. “तू सोडून चाललीस? तुला काढलं? मला काढतायत?”

“कुणाला काढत नाहीयेत. तुला हवंय ना? घे.”

तो अर्धा तास दारापाशी व्हिजनच्या केबिनमधलं बोलणं ऐकत उभा राहिला. मग खात्री झाल्यावर आला, टेबलाला हात लावून बघितलं आणि कामाला बसला. संध्याकाळी सहाला काम झालेलं होतं. तोही थोडा घाबरला होता, मीही.

शुक्रवारी मॅडम आल्या. उंच, अबोल बाई. आल्या, बसल्या, बॅग मांडीवर ठेवली ती ठेवलीच. त्यांनी लाल राज्य घेतलं आणि सगळे करतात तसे किल्ले बांधले. हिवाळा आला. धान्य संपत चाललं. व्यापाराच्या खिडकीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. व्हिजन माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते. त्यांच्या डोक्यात बटण तयारच होतं.

मग हिरव्याच्या गाड्या आल्या.

“हे काय?” मॅडम म्हणाल्या.

“धान्य, मॅडम. चाळीस पोती.”

“बदल्यात काय मागतोय?”

“काही नाही.”

त्यांनी वेस बंद केली. सगळं सैन्य सीमेवर आणून उभं केलं. गाड्या बर्फात उभ्या राहिल्या, बैल मान खाली घालून. लोक मरायला लागले तेव्हा कुठे त्यांनी गाड्या आत घेतल्या, आणि उरलेला हिवाळाभर त्यांच्या सैन्याने हिरव्याचंच धान्य खात हिरव्यावर पहारा केला. हिरवा काही आला नाही. बर्फ वितळल्यावर मॅडमनी मोठा श्वास घेतला आणि त्याच सैन्याने हिरव्याचं राज्य एका झटक्यात घेतलं.

“वा, आक्रमक खेळ,” व्हिजन खूश होऊन म्हणाले.

मला त्या हिरव्या राजाचं इतकं वाईट वाटलं की मी दुसरीकडे बघायला लागले. तो काही खराखुरा नव्हता, शंभर-दीडशे ओळींचा प्रोग्राम होता. तरी वाटलं.

दुसरा हिवाळा आला. या वेळी मॅडमनी व्यापाराची खिडकी उघडली. निळ्याने वेस लावून घेतली. पिवळ्याने तिप्पट भाव सांगितला. पांढऱ्याने उत्तरच दिलं नाही. धुराडी विझत गेली, आणि कुणाची एक गाडी आली नाही.

“हे का देत नाहीयेत?”

“त्यांनी बघितलंय, मॅडम.”

“काय बघितलंय?”

“हिरव्याचं.”

मॅडमचं राज्य त्या हिवाळ्यात संपलं. व्हिजननी घसा साफ केला, म्हणजे आता ते बटणाबद्दल बोलणार होते. मी मनात आवराआवर सुरू केली. टेबल तर आधीच देऊन बसले होते, तेवढाच त्रास कमी.

मॅडमनी मांडीवरची बॅग जमिनीवर ठेवली. “पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या डावात, पहिल्याच हिवाळ्यात, हिरव्याची धुराडी कमी झालेली त्यांनी ओळखली. त्याला बारा पोती पाठवली. कुणी मागितली नव्हती. पाठवल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून, चोरी करताना बघतात तसं. त्या तीन तास खेळल्या. जाताना म्हणाल्या, “व्यापाराला हात लावू नका.”

“मी सोमवारीच म्हटलं होतं,” व्हिजन म्हणाले. “शेअरिंग.” आणि कॉफीचा कप पाडला.

मी उड्या मारत घरी आले. आईला सगळं सांगायचं होतं. दार उघडलं तर तिची बॅग भरून भिंतीशी उभी होती आणि न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आई आरशासमोर उभी होती. एका हाताने पापणी ओढून धरलेली, दुसऱ्या हातात थेंबांची बाटली. थेंब गालावर पडला. तिने पुन्हा मान मागे केली. पुन्हा गालावर. तिचा सगळा गळा ओला झाला होता.

तेव्हा कळलं, बाटली दहा दिवसांत कुठे गेली ते. मी ऑफिसला गेले की ती सराव करत होती. एकटीला जमलं पाहिजे म्हणून. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी कुणाला सांगायला नको म्हणून. एकतीस वर्षं रिकाम्या खोक्यांवरून वॉर्ड ओळखणारी बाई माझ्याच घरात होती आणि माझ्यासमोर रिकामी बाटली ठेवलेली असताना मी दुकानदाराशी भांडत होते. मला इतकी लाज वाटली की दारातच उभी राहिले. गेली कित्येक वर्षं तिच्या प्रत्येक पार्सलाला मी त्याच आठवड्यात सैन्य पाठवत होते.

मी मागच्या मागे फिरले, फोन काढला आणि तिचं शनिवारचं तिकीट रद्द केलं. मग डोळ्याच्या डॉक्टरांकडे पुढच्या महिन्याची तारीख घेतली. मग तिची बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली, आणि त्यातल्या साड्या कपाटात लावल्या.

ती बाहेर आली. भिंतीकडे बघितलं.

“बॅग कुठे गेली?”

“तिकीट रद्द केलंय. दुसरा डोळा इथेच करायचा. मी सुट्टी टाकलीय.”

“मी म्हटलं होतं तुला?”

“नाही.”

आईने काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. “काय गं,” ती म्हणाली, “काय डाव आहे तुझा?”

“विश्वास किती कमी झाला? तीस?”

“चाळीस,” ती म्हणाली. मग खुर्चीत बसली, चष्मा काढला, मान मागे टाकली आणि बाटली माझ्यापुढे धरली.

“घाल. आणि नीट घाल, तळाशी चारच थेंब राहिलेत.”